चौथ्या पानावरची घागर

ताई, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातली. दोन वर्षं झाली, पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करते. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून अभ्यासिकेतल्या आम्ही चौघांनी दर रविवारी एकमेकांचे निबंध तपासायचं ठरवलं. टेस्ट सिरीज परवडत नाही, हे खरं कारण. आमच्यात एक दादा आहे, लातूरचा, आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. ‘पाण्याचा प्रश्न हा पाण्याचा नाही, माणसांचा आहे’ या विषयावरचा त्याचा निबंध माझ्या वाट्याला आला. मी तीन तास बसून मनापासून तपासला. लाल पेनाने सगळ्या चुका दाखवल्या, एकेचाळीस निघाल्या. शेवटी १२५ पैकी ४८ गुण दिले. त्याने वही घेतली, ‘थँक यू’ म्हणाला आणि त्यानंतरचे तीन रविवार आलाच नाही. मेसमध्ये दिसला की म्हणतो, ‘रिव्हिजन चालू आहे.’

आणि माझ्या निबंधावर माझ्या रूममेटने काय लिहावं? ‘मस्त गं! फक्त निष्कर्ष थोडा वाढव.’ संपलं. म्हणजे मी खरं सांगितलं तर माणूस तुटला, आणि मला खरं सांगायला कुणी तयार नाही. चुकलं कुणाचं?

दादाच्या निबंधाचे फोटो सोबत पाठवतेय. सदरात छापले तरी चालतील का, असं त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘पाठव की, अजून एक जण तपासेल.’

ता. क. लाल पेन वापरायला नको होतं का? मैत्रीण म्हणते, हिरवं वापर.

— सदाशिव पेठेतली एक

—

पोरी,

‘अजून एक जण तपासेल’ हे वाक्य तू पत्रात लिहिलंस, पण ऐकलंस का? तो माणूस रागावलेला नाही, दुखावलेला आहे. रागावला असता तर परवानगीच दिली नसती.

फोटो उघडले. सहा पानं. पहिल्या नजरेला मला निबंध दिसलाच नाही, तूच दिसलीस. प्रत्येक ओळीवर तू आहेस. मग लाल शाई नाहीच असं समजून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ते सोपं गेलं नाही, पण अठ्ठावीस वर्षं गठ्ठे तपासल्यावर एवढं जमतं.

पहिलं पान ठरलेलं आहे. जगातल्या पाण्यापैकी गोडं किती, त्यातलं हाती लागतं किती. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर क्लासच्या नोट्समधून उतरलेली फौज: शाश्वत, एकात्मिक, लोकसहभाग, जलसाक्षरता. वाचताना डोळे पुढे सरकत होते, मी मात्र मागेच होते. पाचव्या पानावर जलयुक्त शिवारपासून योजनांची यादी, सहाव्यावर निष्कर्ष. मधल्या चौथ्या पानावर, खालच्या बाजूला हे आहे. त्याची परवानगी आहे म्हणून इथे उतरवते, वेलांट्या मात्र नीट करून:

‘२०१६ साली मिरजेहून आमच्या शहरात रेल्वेने पाणी आलं, तेव्हा सगळीकडे त्याचे फोटो आले. आमच्या गल्लीत टँकर यायचा. आई आधी शेजारच्या आजीची घागर लावायची, मग आमची. एकदा आजीची घागर भरली आणि टँकर संपला. त्या रात्री आई आजीकडे पाणी मागायला गेली नाही. आजीच तांब्या घेऊन आली.’

या सहा ओळींत तू चार वेलांट्या सुधारल्यास, ‘मिरजहुन’चं ‘मिरजेहून’ केलंस, ‘रेल्वेने पाणी’खाली रेघ मारून ‘छान डेटा’ लिहिलंस, आणि ‘आई’पासून ‘तांब्या’पर्यंत आडवी रेघ ओढून बाजूला लिहिलंस: ‘व्यक्तिगत अनुभव नको. निबंध औपचारिक हवा.’

विषय काय होता? पाण्याचा प्रश्न पाण्याचा नाही, माणसांचा आहे. सहा पानांत या विषयाला हात लावणारी एवढीच जागा होती, आणि तू ती खोडलीस. तेही वेलांट्या नीट करून. आधी आंघोळ घातलीस आणि मग घराबाहेर काढलंस.

आता तुझी बाजू. ‘व्यक्तिगत नको’ हे तू मनाने ठरवलेलं नाहीस, तुला कुणीतरी सांगितलेलं आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. परीक्षेचा निबंध म्हणजे आठवणींची वही नव्हे. असे तीन परिच्छेद आले असते तर मीही हात आखडता घे म्हटलं असतं. पण विषयाला नेमका भिडणारा एक प्रसंग पाच-सहा ओळींत येतो, तेव्हा तो निबंधाचा कणा होऊ शकतो. मी स्पर्धा परीक्षेचे पेपर तपासलेले नाहीत, बोर्डाचे तपासलेत. गठ्ठ्यातल्या साठाव्या पेपरावर तोच ठरलेला अभंग, तीच ठरलेली आकडेवारी आली की हात आपोआप मधलेच गुण देतो. त्यात कुठे एखादी घागर भेटली असती तर मी चहा बाजूला ठेवला असता.

चूक कुणाची असं विचारलंस, तर तुझ्याआधी मी आपल्या शाळेतल्या निबंधवहीला उभं करीन. आठव तुझी. शेवटी तांबड्या शाईत काय असायचं? ‘बरे’, ‘छान’, ‘अक्षर सुधारा’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’. आपल्या लिहिण्यावर दुसऱ्याने बोलायचं म्हणजे काय, याचं एवढंच शिक्षण आपल्याला मिळालं. गंमत म्हणजे त्या शेऱ्यांनी कधी कुणाला लागलं नाही. कारण निबंध आपला नसायचाच. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ गाईडमधला, ‘शेतकऱ्याचे मनोगत’ अपेक्षितमधलं, ‘मी पाहिलेला अपघात’ तर निम्म्या वर्गाने एकाच वळणावर, एकाच ट्रकखाली पाहिलेला. पाठ केलेल्या ओळीवर लाल रेघ आली तर दुखणार काय?

त्यात तुमच्या दादाच्या पिढीची आणखी एक अडचण. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून बहुपर्यायी झाली. त्याने उमेदीची वर्षं गोल काळे करण्यात घालवली. मग वर्णनात्मक पद्धत जाहीर झाली, २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, अंमलबजावणी २०२५ वर गेली, आणि आता २५० गुणांचा निबंधाचा पेपर समोर उभा आहे. म्हणजे तिशी ओलांडल्यावर हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काही लिहितोय आणि ते दुसऱ्याच्या हातात देतोय. सहा पानांतली साडेपाच त्याने नोट्सच्या आडोशाने लिहिली. अर्ध्या पानात बाहेर आला. नेमकं तिथेच पेन लागलं. आणि ते कुणाचं, तर त्याला ‘दादा’ म्हणणाऱ्या मुलीचं. ४८ गुणांचं त्याला एवढं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही.

तरीही गुण द्यायला नको होते, हे सांगून ठेवते. अन्याय झाला म्हणून म्हणत नाही, त्या आकड्याचा उपयोग शून्य म्हणून म्हणते. गुण तर परीक्षा देणारच आहे. गुणपत्रिकेत निबंधापुढे एक आकडा येतो, तो का आला हे कुणी सांगत नाही. तपासणाऱ्याकडे कारण असतं पण ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या रविवारच्या टेबलावर नेमकी तीच गोष्ट मिळू शकते जी आयोगाकडून कधीच मिळणार नाही: वाचणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं. ती सोडून तुम्ही आकडा वाटत बसलात, म्हणजे लग्नाला जाऊन फक्त डबा घेऊन परत आल्यासारखं.

मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. एम.ए.ला असताना माझ्या एका वर्गमैत्रिणीने निबंध स्पर्धेला पाठवायच्या आधी तिचं लेखन मला वाचायला दिलं. वाचलं आणि पोटात खड्डा पडला, इतकं चांगलं होतं. मी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, ‘हे कुठून घेतलंस?’ मला वाटत होतं, मी चिकित्सक आहे. तिने ते वाचलं, वही मिटली, काही बोलली नाही. दोन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो, पण तिने पुन्हा मला काही वाचायला दिलं नाही. ते तिचंच होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून पेन लाल की हिरवं हे मला विचारू नकोस, माझं तर पेन्सिलीचं होतं.

आता वाचायचं कसं ते सांगते. पहिल्यांदा वही हातात घेशील तेव्हा हातात काहीही नको. हात मांडीवर. हजार-बाराशे शब्दांचा हाताने लिहिलेला निबंध वाचायला दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ फक्त वाचक हो. वाचून झालं की वही पालथी ठेव आणि वेगळ्या कागदावर एक ओळ लिही: हा निबंध काय म्हणतोय? मी दादाच्या निबंधासाठी लिहिली: ‘पाणी कमी पडलं की आधी कुणाची घागर लावायची हे ठरवावं लागतं, आणि खरा प्रश्न तो आहे.’ मग त्याचा निष्कर्ष पाहिला. त्यात त्याला म्हणायचंय की जलसाक्षरता वाढली पाहिजे. माझी ओळ आणि त्याची ओळ यांची गाठच पडत नाही. एकेचाळीस चुकांपेक्षा ही एक गोष्ट त्याला आधी कळायला हवी होती, आणि ती सांगायला व्याकरण लागत नाही, टेस्ट सिरीजही लागत नाही.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घे. जिथे अडखळलीस, परत मागे गेलीस, तिथे समासात सरळ रेघ. जिथे जागी झालीस तिथे नागमोडी. मजकुरावर काही नाही, फक्त समासात. आणि शेवटी तीन-चार वाक्यं, बोलल्यासारखी. मी दादाला काय लिहिलं असतं ते देते, नमुना म्हणून नाही, नुसतं कानावर पडावं म्हणून:

‘दादा, पहिली तीन पानं मी कुठेही न अडता वाचली, पण वाचून झाल्यावर त्यातलं काही आठवेना. चौथ्या पानावर घागरीपाशी थांबले, पुन्हा वाचलं. त्यानंतर एकदम योजनांची यादी लागली आणि आजी कुठे गेली ते कळेना. ही घागर पहिल्या पानावर आली असती तर?’

बघ, यात खोटी स्तुती नाही. उलट तीन पानं वाया गेली असं सरळ सांगितलंय. पण प्रत्येक वाक्य ‘मी’चं आहे: मी थांबले, मला आठवेना, मला कळेना. ‘परिच्छेदांत सुसंगती नाही’ असं लिहिलंस की तो वाद घालू शकतो, निदान मनातल्या मनात तरी. मी हरवले म्हटल्यावर काय वाद घालणार? हरवलेल्या माणसाला ‘तू हरवली नाहीस’ असं म्हणता येत नाही. आणि शेवटी प्रश्न आहे, आज्ञा नाही. त्याला घागर चौथ्याच पानावर ठेवायची असेल तर ठेवू दे. निबंध त्याचा आहे. तुझ्या तीन तासांतला बराचसा वेळ, खरं सांगू का, तू त्याच्या वहीत तुझाच निबंध लिहीत होतीस. चांगल्या विद्यार्थ्यांना ही खोड असतेच.

शुद्धलेखनाचं म्हणशील तर ते सोडून द्यायचं नाही. मराठीची शिक्षिका आहे मी, ‘आणी’ दिसलं की अजूनही दाढ दुखते. पण साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांत नापास झालेल्याला एकेचाळीस ठिकाणी एकेचाळीस वेळा सांगून काही होत नाही. दादाचे फोटो नीट बघ. त्यातल्या तेवीस चुका एकाच जातीच्या आहेत: शब्दाच्या शेवटची वेलांटी तो पहिली लिहितो. ‘लावायचि’, ‘पाणि’, ‘नदि’. एक ओळ पुरली असती: ‘दादा, शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी दुसरीच द्यायची, ‘आणि’, ‘नि’ आणि तत्सम अव्ययं सोडून.’ तेवीस लाल गोळ्यांऐवजी एक गोळी.

आणि जाता जाता, त्या चुका शोधताना तुझ्या पत्रातही मला दोन सापडल्या. छापताना दुरुस्त केल्यात.

रूममेटचं आता. तुला तिचा राग आलाय, पण तू तिला विचारलं काय होतंस? पत्रात नाही, म्हणून अंदाज करते: ‘वाचून बघ गं, कसा झालाय?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. पोहे पुढे ठेवून ‘कसे झालेत?’ विचारलं तर ‘मस्त’ याशिवाय कुणी काही म्हणतं का? मीठ बरोबर आहे का विचारलं तर मात्र माणूस दुसरा घास नीट खातो. तेव्हा निबंध देताना वर एक प्रश्न लिहून दे. खराखुरा, तुला छळणारा. ‘तिसऱ्या पानावर मी शहरावरून गावाकडे वळते, ते तुला झटक्यात वाटलं का?’ असा. आणि तुझी रूममेट तुझ्याबरोबर एका खोलीत राहते, एकच आरसा आहे, एकच गिझर. तिने ‘मस्त गं’ लिहिलं त्यात थोडा आळस असेल, पण थोडं शहाणपणही असेल. दादाच्या वहीचं काय झालं, ते तिने पाहिलेलंच आहे ना?

ऐकून घेणं मात्र सांगण्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. समज, उद्या तुझ्या निबंधावर कुणी सांगू लागलं, ‘इथे मला कळलं नाही’, तर तू काय करशील? मला माहीत आहे, कारण सगळेच करतात: ‘नाही, म्हणजे मला तिथे असं म्हणायचं होतं की…’ तिथेच थांब. तुझा पेपर तपासणाऱ्याच्या शेजारी तू बसलेली नसणार. तुला काय म्हणायचं होतं हे त्याला कळायला कागदाखेरीज वाट नाही. म्हणून रविवारी पहिली पाच-सात मिनिटं लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, ऐकायचं आणि स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायचं. समजावून सांगायची उबळ जिथे आली तिथे खूण कर. बहुतेक वेळा तिथे एक वाक्य लिहायचं राहून गेलेलं असतं, जे तू आता तोंडाने भरून काढत होतीस. आणि सांगितलेलं सगळं मानायचं नाही. दोघं एकाच जागी अडले तर ती जागा तुझी. एकटीच अडली तर चहा पिऊन ये, मग ठरव.

दर रविवारी चार निबंध हेही जास्त होतात. चौथ्यापर्यंत सगळ्यांची पोटं ओरडायला लागतात आणि त्या बिचाऱ्याच्या वाट्याला ‘मस्त’ येतं. दोन घ्या, प्रत्येकाचा नंबर पंधरा दिवसांनी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांच्या प्रगतिपुस्तकात सोबत्यांनी केलेलं मूल्यमापनही असावं असं लिहिलंय. पुढच्या पोरांना हे कदाचित शाळेतच शिकायला मिळेल. तुम्ही त्याआधीच शाळेतून बाहेर पडलात, तेव्हा अभ्यासिकेच्या गच्चीवर शिका.

राहिला दादा. व्हॉट्सॲपवर ‘सॉरी दादा’ पाठवू नकोस. त्यावर तो हात जोडलेलं चित्र पाठवील आणि विषय कायमचा मिटेल, म्हणजे मिटणारच नाही. मेसमध्येही नको, तिथे बाकीचे असतात. संध्याकाळी अभ्यासिकेतून खाली टपरीवर उतरतो ना, तिथे गाठ. ‘मी फार कडक तपासलं’ असं म्हणू नकोस, त्याचा अर्थ ‘तू कच्चा आहेस, मी जरा सांभाळून घ्यायला हवं होतं’ असा होतो आणि ते त्याला आणखी लागेल. एवढंच म्हण: ‘दादा, चौथ्या पानावरची घागर मी खोडली, ती माझी चूक होती. ती ठेव.’ मग गप्प राहा. तो आजीबद्दल काही बोलला तर ऐक. नाही बोलला तर चहाचे पैसे तू दे.

आणि जाताना तुझा तो ‘मस्त गं’वाला निबंध त्याच्या हातात ठेव, वर एक प्रश्न लिहून. सोबत पेन्सिल दे.